गुडघ्याचे श्रेय

परभणी,
ता. १७ फेब्रुवारी २०२५

नृत्यकुलभूषण, परकल्पनाविशारद श्री. शिवप्रसाद यांस,
आदिनाथचा यथोचित, म्हणजे अत्यल्प, नमस्कार.

तुझा फोन मी उचलत नाही, म्हणून काल पंकजावहिनींना आमचे जिने चढावे लागले. सौ. अंबिकेने त्यांना चहा दिला. तू आला असतास, तर मी पाणीही दिले नसते.

आमचे कुशल आहे. दिवाळीत मी महाविद्यालयातील कारकुनीचा त्याग केला, हे तू जाणतोसच. 'आद्या आता भीक मागणार' ही भविष्यवाणी स्टेशन रोडवर तूच प्रसृत केली होतीस. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य दत्तराव मला पूर्णवेळ कोरिओग्राफर नेमणार होते, परंतु नृत्यस्पर्धेत माझी 'वेचणी' पाहून मगच. कापूस वेचणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठींतून मी ते समकालीन नृत्य रचले. तालीम पाहून आमच्या मातोश्री छबूबाई उद्गारल्या, "पोरींच्या अंगात आलंय का रे?" या कलाप्रकाराची आमच्या घराण्यातील ती आद्य समीक्षा.

स्पर्धेला तू होतास. तथापि तुला तुझ्याच तेजामुळे जे दिसले नाही, ते निवेदन करतो.

तुझा संघ आमच्याआधी होता. पडदा उघडला आणि माझे अपत्य मला दुसऱ्याच्या कडेवर दिसले. आमच्या तालमीचे चित्रीकरण तुझ्या मोबाइलवर कोणी धाडले, याची चौकशी मी केली नाही. चोराइतकाच खबऱ्याही हौशी असावा. आता आमच्या मुली मंचावर जात्या, तर नक्कल आमची ठरती. दत्तराव पहिल्या रांगेत बसले होते.

परंतु, हे चौर्यशिरोमणे, तू आवश्यकतेहून अधिक चोरलेस. नृत्याच्या अखेरीस मुलींनी पिसासारखे भूमीवर उतरायचे असते. मला ते दाखवता येत नाही. तालमीत मी डावा गुडघा दोन्ही हातांनी धरतो, तोंड वाकडे करतो, 'हुश्श' म्हणतो आणि मग धरणीस शरण जातो. माझ्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावलेले असते, "सरांचं हे घ्यायचं नाही." तुझ्या मुलींना बजावणारे कोणी नव्हते. त्या निरोगी, टवटवीत कन्यकांनी एका तालात गुडघा धरला, एका तालात तोंड वाकडे केले आणि सामूहिक 'हुश्श' केले.

परीक्षक मधुवंतीबाईंनी या मुद्रेचा अर्थ विचारला. तू माइक घेऊन म्हणालास, "ही भूमातेची वेदना आहे, मॅडम." विंगेत माझ्या मैत्रेयी नावाच्या शिष्येने ओढणी तोंडात कोंबली.

मी उभा राहिलो. "रचना माझी आहे."

तू माइकवरूनच गरजलास, "पुरावा दाखव की, आद्या!"

मी मंचावर चढलो, मध्यभागी गेलो आणि खाली बसलो. गुडघा, तोंड, हुश्श.

मग विंगेत हसू फुटले आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेले. मधुवंतीबाईंनी मला हात देऊन उठवले आणि तुला विचारले, "हीच का हो भूमाता?" दत्तराव डोळे पुसत होते. माझे नियुक्तिपत्र दुसऱ्या दिवशी आले. घरी अंबिका म्हणाली, "नोकरी सोडली तवा वाटलं हातचं गेलं. तुमचा तर गुडघाबी चोरीला गेला होता!"

काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, नाचाला दोघांचं नाव लावा की. पोरी क्लास सोडून चालल्यात. हे घरात बसून ऱ्हायलेत, कुणाशी बोलंनात." मी म्हटले, पंचांग पाहून कळवतो. पाहिले. मुहूर्त नाही.

इथेच पत्र संपवणार होतो. पण निघताना त्या म्हणाल्या, "गुडघ्याचं काय एवढं, वयानं व्हतंच." म्हणजे इतक्या वर्षांत तू त्यांना सांगितलेच नाहीस.

ताडकळसच्या बाजारमैदानात आपण जोडीने नाचलो, तो मंच फळ्यांचा होता. मी झेप घेतली. मला झेलायला तू होतास. तू लोकांकडे पाहून हसत होतास. मी गुडघ्यावर पडल्यावर तू मला काखेत धरून कडेला ओढलेस आणि पुढचे गाणे लावायला सांगितलेस. दवाखान्यात तू आला नाहीस. गावभर मात्र सांगितलेस की आद्याचा तोल गेला. मी खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या शरीरांतून नाचायला शिकलो, ते त्यानंतर. तेव्हा मी कोरिओग्राफर झालो याचे श्रेय तुझे. तेवढे लेखी देतो.

आणखी एक तुला कळलेच पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन दिले होते. त्या संध्याकाळी तो मुळीच दुखत नव्हता. मी कण्हल्यावाचून बसू शकलो असतो. ती वेदना मी मंचाच्या पायऱ्या चढता चढता रचली, केवळ तुझ्यासाठी. नर्तक म्हणून तो माझा शेवटचा प्रयोग, आणि तो मला फार आवडला.

संयुक्त नाव लागणार नाही. वहिनींना ताडकळसचे खरे तू स्वतः सांग. होळीपर्यंत सांगितले नाहीस, तर मी सांगेन. माझी भाषा किती सविस्तर असते, हे तू आत्ताच वाचलेस.

पूर्वी तुझा,
आदिनाथ