घराचे चित्र न काढण्याबाबत

मी, मल्लिनाथ गुरप्पा बिराजदार, वय ७४, शिक्षण सातवी नापास, पूर्वी मार्केट यार्डात मापाडी, राहणार अहमदपूर, जि. लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. मी घाबरट आहे, वेडा नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दोन प्रती, एक हरवलीच तर असावी म्हणून.

१. चित्रांची हकिगत आधी सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. सहा वर्षांपूर्वी मी गॅस बंद आहे का, कडी लावली का, हे दिवसातून वीसदा उठून पाहू लागलो. डॉक्टर म्हणाले, हात गुंतवा. माझे मित्र मोहियोद्दीन पेंटर यांनी शाईचा पेन आणि वॉटरकलरची डबी दिली. "बिराजदार, समोर जे हाय ते काढा. अन् शाई सुकू द्या, मग पाणी लावा." सुकेपर्यंत थांबायला धीर लागतो. म्हणून माझ्या पहिल्या कपाचा कान बशीत वाहून गेला आहे.

२. पुढे पितळी तपेले, कंदील, पाटा-वरवंटा, वातीचा स्टोव्ह बरे जमले. मुलगा सोमेश व सूनबाई उज्वला लातूरहून दर रविवारी येऊन कौतुक करतात. कौतुक असे : "अण्णा, हुबेहूब आलंय! मग आता ही अडगळ कशाला?" पुढच्या रविवारी वस्तू भंगारात. तपेले माझ्या पत्नीच्या, तुळजाबाईच्या माहेरचे, देगलूरचे होते. तिने विचारले तेव्हा सूनबाईंनी वही उघडून दाखवली. "हे काय आत्याबाई, हितं तर हाय." त्या वहीत भात शिजवून पाहायचा राहिला आहे.

३. माझ्या अकरा चित्रवह्या सोमेशला देतो. त्याने घालवलेली प्रत्येक वस्तू त्यात आहे. कधी आठवण आलीच तर शोधायला सोपे जावे. अट एकच, पाने फडताळात अंथरू नयेत. चौथ्या वहीचे तेच झाले आहे. लोणच्याची बरणी सध्या लातूरला स्वतःच्याच चित्रावर उभी आहे.

४. मागच्या रविवारी सोमेशने स्वतः चहा केला, तेव्हाच मी वही मिटून ठेवली. म्हणाला, "अण्णा, एकदा आपल्या घराचं बी चित्र काढा की. मोठा कागद मी आणलाय."

"अन् तुझी आई?"

"आईचं काय, येईल की लातूरला. गॅलरी हाय आमच्याकडं."

सोमवारी मी वकिलाकडे गेलो.

५. सबब माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर, अंगण व नळासह, माझ्या पश्चात तुळजाबाईच्या पूर्ण मालकीचे राहील. तिने ते ठेवावे, विकावे, वाटेल त्याला द्यावे. सोमेशने तिला दर रविवारी तसाच चहा करून द्यावा, सवय लागेल. मोठा कागद कोराच परत करीत आहे.

६. ब्रश व रंग मोहियोद्दीन यांना द्यायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न दिलेले बरे. म्हणून आजच हातात दिले. "मग तुम्ही काय करून राहणार?" त्यांनी विचारले. पेन ठेवला आहे, सहीपुरता.

७. हे लिहीत असताना तुळजाबाई शेजारी सुपारी कातरत बसली आहे. "भांडी काढली, दगड काढला. माझं चित्र कवा काढणार?"

मी म्हणालो, "न्हाई काढणार." ती रुसली आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मी गेल्यावर पुढचे वाक्य सोमेशनेच तिला मोठ्याने वाचून दाखवावे : या घरात ज्याचे चित्र झाले, त्याला बाहेर काढले, म्हणून तुझे मी काढले नाही.

वरील मजकूर मी दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वकील नको म्हणाले. सही केली, आणि शाई सुकेपर्यंत थांबलो.

मल्लिनाथ गुरप्पा बिराजदार

आमच्यासमक्ष सही केली :
१. मोहियोद्दीन शेख, पेंटर, अहमदपूर
२. बुद्धप्रिया सोनकांबळे, शेजारी, अहमदपूर

ठिकाण : अहमदपूर
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५