बेडकाच्या नावाची पाटी

तीर्थस्वरूप हार्मभावोजी यांस,

तुमचा मेहुणा लाम्मर्ट याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? गेसियेताईचा खोकला थांबला का? (फोनवर ती नुसतं "हं" म्हणते आणि न खोकता ठेवून देते, म्हणून विचारलं.)

ताईच्या वाढदिवसाचं मनातून जात नाही. खुर्च्यांचा गोल बसला होता, मी रीतीप्रमाणे एकेकाचा हात धरून अभिनंदन करत तुमच्यापाशी आलो आणि एका दमात म्हणालो, "बायकोच्या वाढदिवसाचं अभिनंदन, भावोजी, आणि तळ्याच्या रस्त्यावरची तुमची पाटी चूक आहे." (आपल्याकडे खरं बोलायला मुहूर्त पाहत नाहीत हे मान्य, पण निदान कॉफी येऊ द्यायची होती.) आपल्या डच भाषेत पायवाटेलाही ‘पाड’ म्हणतात आणि बेडकालाही. बेडूक दर वसंतात त्याच वाटेनं तळ्याकडे जातो, म्हणून वाटेचंच नाव त्याला मिळालं, असं तुम्ही पाटीवर रंगवलं होतं. मी केकची बशी हातात धरून सगळ्यांदेखत सांगितलं, की या शब्दांची कुळं वेगळी, लांबचंसुद्धा नातं नाही. बेडकाचा शब्द पूर्वी ‘पाडं’ होता, त्याची शेपटी झिजली आणि तो वाटेसारखा दिसू लागला, एवढंच. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही "चूक ती चूक" म्हणालात, केक संपवलात आणि दुसऱ्या दिवशी पाटी उपटून घरी नेलीत.

आता गंमत ऐका. (गंमत कसली, माझं कर्म.) ती पाटी वाचायला मोटारी हळू व्हायच्या. आता भरधाव जातात. परवा संध्याकाळी बेडूक पलीकडे पोचवायला मी एकटाच बादली घेऊन गेलो. बादलीत थोडे आले, डांबरावर फार गेले. शब्दांची कुळं शोधणारा हा विद्वान फावड्यानं रस्ता खरवडत होता. मला फार वाईट वाटलं, भावोजी. तुमच्या चुकीनं इतकी वर्षं जीव वाचले आणि माझ्या खऱ्यानं ते घेतले.

आपला,
लाम्मर्ट

ता. क. पाटी परत लावा. आहे तशी, चुकीसकट. खड्डा मी खणून ठेवलाय.

ता. क. शेवटी कोपऱ्यात बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं तर चालेल का? मोटारीतून दिसणार नाही कुणाला.

ता. क. बरं, प्रश्नचिन्ह नकोच. पाऊस लागलाय, आज संध्याकाळी बेडूक निघणार. हे पत्र तुमच्याच दारातून आत टाकतोय आणि बाहेर उभा आहे.