खेळणाऱ्याची उंची

अहो,

तुम्ही आणलेली बास्केटबॉलची रिंग बदलायला दुकानात चाललेय. भिंतीला भोकं पाडू नका. दुकानदाराने खेळणाऱ्याची उंची विचारली आणि तुम्ही पाच फूट सात सांगून मोकळे झालात! डॉक्टर बोलत होते तेव्हा तुम्हीही शेजारीच बसला होतात ना? खालीवर सरकणारी रिंग मिळते. व्हीलचेअरवरून बॉल टाकता येईल इतकी ती खाली येते, फोन करून विचारलंय.

अकरा वाजता पोरीला हॉस्पिटलमधून घरी आणा. मी बारापर्यंत येतेच. रिंग कुठाय म्हणाली, तर भिंत कच्ची निघाली म्हणून सांगा. आणि व्हीलचेअर किती दिवस, असं विचारलं, तर मी येईपर्यंत बाहेर गाडी धुवत बसा.