ओव्याची पुरचुंडी आणि कांद्याची चाळ

२ सप्टेंबर १९९८, सकाळी ७
नाक चोंदून आठ दिवस. डोकं बधिर. बायको मैना म्हणते डॉक्टरकडे जा. कशाला? ओवा तव्यावर भाजायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची, हुंगायची. आमच्या आईने यावर अख्खी आळी बरी केली. दिवसातून तीनदा, चार दिवस. स्ट्रिक्ट.

५ सप्टेंबर
स्ट्रिक्ट पाळलं. दोन दिवस राहून गेलं तेवढंच. आज मैनाने ओवा करपवला, नाहीतर नाक आजच सुटलं असतं.
चुलतभाऊ रंगनाथ कांदा विकून मोकळा झाला. घाबरट. आपण नाही विकणार, चाळीत साठवून ठेवणार. दसऱ्यानंतर भाव चढणार. त्यातून निकिताला नाशिकला कॉम्प्युटर कोर्सला घालायचं. पोरीने फॉर्म आणून ठेवलाय. रोज काढून बघते.

९ सप्टेंबर
मैना म्हणे, चाळीला लय वास मारतोय, बाया लावून कांदा निवडून घेऊ. मी स्वतः जाऊन चाळीला नाक लावलं. दोन्ही बाजूंनी. वास नाही. चाळ एकदम ओके. कांद्याच्या बाबतीत अख्खं पिंपळगाव माझ्या नाकाला मानतं. बायकांना काय, सगळ्यातच वास येतो.

१४ सप्टेंबर, दुपारी
भाजीला चव नाही. मैनाला म्हटलं, मीठ टाकत जा. टाकलंय म्हणाली. खोटं कशाला बोलावं माणसाने?
ओवा डबल केला. नाकपुडी भाजली. म्हणजे गुण येतोय.

२२ सप्टेंबर
शेजारच्या लंकाबाई हल्ली नाकाला पदर लावून आमच्या दारावरून जातात. त्यांनाही सर्दी दिसते. पुरचुंडी देऊ केली. बाई पदर आणखी घट्ट धरून पुढे गेल्या.

४ ऑक्टोबर
भाव चढला! मी म्हणालोच होतो. रंगनाथ कपाळाला हात लावून बसला असेल. चाळ हुंगून आलो. ओके. अजून आठवडाभर कळ काढायची. आनंद व्हायला पाहिजे, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय, काही वाटतच नाही.

१२ ऑक्टोबर, सकाळी ६
सलग अकरा शिंका. नाक सुटलं! दीड महिन्याने पहिला मोठा श्वास घेतला. घेतला आणि अनवाणीच चाळीकडे पळालो.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी
चाळ फोडली. वरचा थर धड. आत हात घातला तो कोपरापर्यंत सडक्या कांद्याच्या पाण्यात. बोलावलेला टेम्पो रिकामा परत पाठवला.
मैना टोपली घेऊन धड कांदे वेगळे काढायला बसली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
निकिता म्हणाली, पप्पा, टायपिंगचा क्लास गावातच आहे, तोपण चांगला आहे.
मी हो म्हणालो.