छातीतला आकडा

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
वीज कंपनीचे शाखा कार्यालय.

अर्जदार: सोजराबाई अर्जुनराव येळवंडे, मु. निघोजे, ता. खेड, जि. पुणे.

विषय: माझ्या छातीत वीजचोरी होत नसल्याबाबत, व तोडलेली वीज परत जोडून मिळणेबाबत.

संदर्भ: आपले वायरमन श्री. खंडू पडवळ यांचा तपासणी अहवाल.

महोदय,

१) वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मला हात थरथर कापण्याचा आजार आहे. त्यासाठी डॉक्टरांनी माझ्या छातीत कातड्याखाली हात स्थिर ठेवणारे यंत्र बसवले आहे. त्याची बॅटरी उतरली की एक चकती छातीवर धरायची, मग यंत्र कातड्यातूनच, बिनवायरचे चार्ज होते. चकती मात्र माझ्या घरच्या सॉकेटवर, माझ्याच मीटरमधून भरते.

२) गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून आपण दिवसभर वीज बंद ठेवता. निदान आधी कळवत जा, एवढाच माझा पहिला अर्ज होता. चौकशीला श्री. पडवळ आले, तेव्हा मी चकती लावून बसले होते. आत वीज कशी जाते, असे त्यांनी विचारले. मी सरळ मनाने सांगितले, "बिनवायरची हाय." त्यावर ते म्हणाले, "वायर न्हाई, मीटर न्हाई, म्हंजे आकडाच की मावशी!" आकडा लोक खांबावरच्या तारेवर टाकतात. म्हातारीवर टाकलेला आकडा शोधून काढल्याबद्दल त्यांना बढती द्यावी. अहवालात "अनधिकृत जोड, छाती, डावी बाजू" असे लिहून त्यांनी माझ्या घराची वीज तोडली.

३) मग मी शेजारच्या ताहेराकडे चार्जिंगला बसू लागले. परस्पर वीज पुरवली म्हणून तिलाही नोटीस आली. तिचे शिलाई मशीन विजेवर चालते. ती अजूनही बोलावते, पण तिचे पोट माझ्यापायी मारले जाऊ नये म्हणून मीच जात नाही.

४) सदर यंत्र तपासणीसाठी कार्यालयात जमा करावे, असे आपण कळवले आहे. माझी हरकत नाही. फक्त भूल कोण देणार व टाके कोणत्या टेबलावर घालणार, ते कळवावे.

५) वीज जोडण्याचा माझा मागचा अर्ज "सही जुळत नाही" म्हणून परत आला. साहेब, सही माझीच होती. बॅटरी उतरत चालली आहे. आज चहाची बशी तोंडापर्यंत गेली नाही. मला फार भीती वाटते.

आपली हैराण ग्राहक,
(सही)
सोजराबाई अर्जुनराव येळवंडे
निघोजे, गुरुवार

सोबत: डॉक्टरांचा दाखला, भरलेले वीजबिल.

टीप: अर्ज ताहेराने लिहून दिला आहे, वरची सही माझी आहे. तीही जुळणार नाही. जुळणारी हवी असल्यास आधी वीज जोडावी, मग समक्ष येऊन करून देते.