डाव्या घोट्याचा अहवाल

प्रिय जयादादा,

“राजू, तू घरची हायस का पंचांची?” असं तू काल अहवालावरून विचारलंस, म्हणून हे लिहितेय.

शनिवारच्या फुटबॉल सामन्यात समोरच्या संघातल्या धम्मपालचा पाय तुला लागलाच नव्हता. तरी तू घोटा धरून “आई गं” करत लोळलास आणि त्याला लाल कार्ड मिळालं. मी स्प्रे घेऊन धावत आले, तर डोळा मारून म्हणालास, “हळू चोळ गं, वेळ जाऊ दे.” लहानपणी कडेगावात तुझ्या पायात काच घुसली, तेव्हा तू हूं की चूं केलं नव्हतंस. खरं लागलं की तू गप्प होतोस.

आता शिस्त समितीनं संघाची फिजिओ म्हणून माझा अहवाल मागवला. इजा लिहिली तर धम्मपालचा हंगाम जाणार, नाही लिहिली तर तुझा. आई फोनवर म्हणते, “तू हायस म्हणून दादाची काळजी न्हाई बघ.” मिरजेहून आणलेली माझी पदवी, घरातली पहिली, तिनं देव्हाऱ्याशेजारी लावली आहे.

हे पत्र तुला द्यायचा धीर नाही. अहवाल मात्र सकाळीच पाठवला. डावा घोटा, सूज नाही, इजा नाही. खाली पूर्ण सही केली, आपल्या आडनावासकट.

तुझी,
राजू