खिडकीतून द्यावयाचा तेनोर

मी, बोर्तोलो मोरेत्ती (शेवटी दोन त, चर्चच्या नोंदीत एकच आहे, ती चूक माझी नव्हे), वय चोवीस, धंदा गाण्यांच्या नकला लिहिणे, राहणार वेनिस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढीलप्रमाणे ठरवून ठेवतो. प्लेगमुळे दारावर बाहेरून फळ्या ठोकल्या आहेत, ते दडपण समजू नये. डाव्या काखेत सकाळपासून ठणकते. ताप नाही. तरी घाई करतो.

हा मजकूर मी घरात लिहून खिडकीतून वाचत आहे. खाली होडीत बसलेले कारकून सेर अल्वीझे तो उतरवून घेत आहेत. आजारी घरातला कागद जाळायचा असा हुकूम आहे, म्हणून माझा जळेल, त्यांचा राहील. सेर अल्वीझे, ‘मोरेत्ती’ कसे लिहिले ते एकदा दाखवा.

घर माझे नाही. ते माझे गुरू मास्तर इसेप्पो यांचे. ते मागच्या आठवड्यात इथेच वारले. अंथरूण, कपडे, पुस्तके जाळतीलच. त्याबद्दल माझी इच्छा विचारलेली नाही. या घरातून बाहेर जाऊ शकतात दोनच गोष्टी, धातू आणि आवाज.

मेणबत्तीचे पितळी शमादान बहीण कातारूझा हिला, व्हिनेगरमध्ये बुडवून मगच द्यावे. तिच्या नवऱ्याने ते विकू नये.

गाणे लिहायच्या पाच रेघा एका ओढीत काढणारी माझी पाच टोकांची पितळी लेखणी गास्पारोला. गास्पारो चर्चमधला गायक, नव्या चालीचा. नवी चाल म्हणजे एकच गळा आणि साथीला लांब मानेचे ल्यूट. मास्तरांचे चार आवाजांचे गाणे ऐकून तो म्हणाला होता, “चार आत्या एकदम बोलतायत, एकीचंही धड कळत नाही.” मास्तर म्हणाले, “तुझ्या गाण्यात एकच आत्या, आणि तीही रडते.”

आता मुख्य गोष्ट. मास्तरांच्या शेवटच्या मिस्साची, म्हणजे चर्चच्या उपासनेत गायच्या गाण्याची, तीन आवाजांची पुस्तके चर्चमध्ये आहेत. चौथे, तेनोरचे, माझ्याजवळ अडकले. आमच्यात प्रत्येक आवाजाचे पुस्तक वेगळे. चारही आवाज एका कागदावर कुठेच नाहीत. तेनोर म्हणजे धरून ठेवणारा. तो गेला तर बाकीचे तीन म्हणजे दोर सुटलेल्या होड्या.

शिवाय पुस्तक जळण्यापासून वाचले असते तरी ते अर्धेच. सोल-फा-सोल असे सुरांचे वळण आले की कुठे कुठे फा अर्धा सूर चढवायचा असतो. जुन्या रीतीप्रमाणे ते लिहीत नाहीत, गाणाऱ्याने ओळखायचे. मी काळजीपोटी प्रत्येक चढ्या फाला खूण घालत असे. मास्तर ओरडत, “बोर्तोल्या, गाढवखुणा कसल्या घालतोस? गाढवं गाणार आहेत का?” लगेच गास्पारो सगळ्यांसमोर गाढवासारखा ओरडून दाखवी. मी खुणा चाकूने खरवडून काढल्या.

काल तोच होडीतून आला, कागद घेऊन.

“गा रे. मी लिहितो.”

“तुला कशाला हव्यात चार आत्या?”

“म्हातारा गेला. आता भांडू कोणाशी?”

मी गाऊ लागलो. थोड्या वेळाने खालून प्रश्न आला, “हा फा साधा की चढा?”

“तुला कळत नाही?”

“नाही कळत. आमच्यातल्या कोणालाच कळत नाही. खूण घालू?”

सबब, मास्तरांच्या मिस्साचा तेनोर, सर्व गाढवखुणांसह, मी गास्पारोला देतो. खुणा कोणीही पुसू नयेत. मास्तरांशी गाठ पडलीच तर बोलणी मी खाईन.

मिस्सातले शेवटचे ‘शांती दे’ तेवढे गायचे राहिले आहे. हे वाचून झाल्यावर ते गाईन. माझा कागद खाली येऊ शकत नाही, म्हणून तेच माझी सही धरावे. गास्पारोला लेखणी मिळते, म्हणून त्याला साक्षीदार धरू नये. त्याने पोच द्यावी.

वेनिस, ९ नोव्हेंबर १६३०

साक्षीदार: मोमोलो, नावाडी (अंगठा). झोर्झी, चर्चचा घंटावाला. दोघांनी सही कानांनी ऐकली.

पोच: तेनोर पूर्ण मिळाला. शेवटचा फा चढा, गाढवखूण घातली. त्यापुढचा सूर वर खिडकीत तुटला, तो मी खालून धरला. गास्पारो.